शुक्रवारची गोळी

मेश्राम डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्याचा एक वार ठरवा,
तो चुकवायचा नाही.
मी म्हटलं, बाई, आम्ही राहतो इतवारीत,
सूत आणायला जायचो बुधवारीत,
पोरगी दिली मंगळवारीत,
आम्ही वार कसा विसरणार?
देवकानं शुक्रवार घेतला.
का, ते सांगितलं नाही.

नळाजवळच्या शेवाळावर पाय गेला होता तिचा.
आवाज कांडी मोडावी तेवढाच.
मेडिकलला फोटो उजेडावर धरून दाखवला:
खुब्याचं हाड वाळल्या बोरूसारखं.
चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
पावड्या दाबल्या तिनं.
कापड वर वाढत होतं
आणि आत काय विरत होतं, कोणी पाहिलं?

रक्ताच्या दोन पिशव्या लागतील म्हणाले.
भाचा खेमराज आला ऑटो सोडून,
बाही वर करूनच.
त्याच्या पिशवीला हात लागला नाही.
आत सलाईनमधून कसलंसं औषध दिलं,
रक्त जागच्या जागी थबकलं.
खेमराज जरा हिरमुसला.

दुसऱ्या दिवशी नर्स सुई घेऊन आली.
पोटात टोचायची, रक्त पातळ करायला.
मी कोष्टी माणूस. पातळ म्हटलं
की मला सुती, रुईफुली काठाचं, नऊवारच दिसतं.
काल थांबवलं, आज पातळ करता,
रक्तानं ऐकायचं तरी कोणाचं?
नर्स हसली नाही.
म्हणाली, पोटरीत गुठळी झाली
आणि वर सरकली, तर
आणि पुढच्या खाटेकडे गेली.
पस्तीस सुया मी बोटांवर मोजल्या.
देवकाच्या पोटावर निळ्या ठिपक्यांची
आखल्यासारखी ओळ.

आणि आता ही गोळी.
नवा खुबा बसला, पण बाजूचं हाड झिजत गेलं
तर तो धरणार कशाला?
सांधणी मला कोणी शिकवू नये.
नवा ताणा जुन्याला जोडायचा
तर जुन्या सुतात दम पाहिजे,
नाहीतर गाठ राहते आणि धागा जातो.

पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साधं पाणी.
चहा नाही.
मग अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही,
गोळी नरड्यात रेंगाळली तर जाळते.
मी समोर बसतो, भिंतीवरच्या घड्याळाचा राखणदार.
मलाही उठता येत नाही.

पहिल्या शुक्रवारी ती म्हणाली,
"तुमच्या बहिनीच्या लग्नात माही एकदाणी नेली,
ते परत काहून नाही आली?"
मी घड्याळ पाहिलं. सव्वीस मिनिटं बाकी.

दुसऱ्या शुक्रवारी,
"सोसायटीत ज्या काठाला बक्षीस भेटलं
तो काठ कोनी उचलला होता?
नाव कोनाचं लागलं?"
एकोणतीस.

तिसऱ्या शुक्रवारी ती काही बोलली नाही.
मागाच्या खड्ड्याकडे बघत राहिली.
तिथं आता आम्ही कांदे ठेवतो.
तो अर्धा तास सगळ्यात लांब गेला.

आज मात्र बोलता बोलता
तिच्या आईच्या गावच्या तळ्यावर पोचली,
शिंगाडे, डोंगा, कोणी एक मुका कोळी,
अडतीस वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं.
काटा पुढे गेला. चाळीस मिनिटं झाली.
"झाला का टाइम?"
मी म्हटलं, अजून पाच.

"बुडे, मले माईत हाये," ती म्हणाली,
"घड्याळ तुमच्या मागं आरशात दिसते मले. उलटं दिसते,
पन चाळीस वर्षं मी उलट्या बाजूनंच कापड पाह्यलं."
पाय जरा सरळ केला, नवा, डावा.
चहाकडे पाहिलंही नाही.
"हं. तर त्या मुक्याच्या डोंग्यात..."